समुद्रात जीव वाचवायच्या जुन्या युक्त्या: टबात चालणाऱ्या प्रतिकृती कशा करायच्या?

मालवी_मास्तरीण
नमस्कार मंडळी. इंदूरच्या आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. समुद्र इथून कोसो दूर, तरी आठवी-नववीच्या मुलांनी हाच विषय धरलाय. यादीत सध्या चार वस्तू आहेत: हॅल्केटची अंगावर पांघरायची होडी, बुचाचं जाकीट, कापोकचं जाकीट आणि होम्सचा पाण्यात पेटणारा दिवा. तक्ते नकोत, टबात करून दाखवता येईल असं हवंय. आणि प्रत्येक वस्तू कुठे फसायची तेही दिसायला हवं. काय ठेवू, काय गाळू?

बूच_आणि_दोर
कापोक ठेवाच, सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत बोलका प्रयोग तोच. खरा कापोक पांढऱ्या सावरीचा, पण आपल्याकडच्या लाल सावरीचा, म्हणजे इथल्या भाषेत सेमलचा, कापूसही तसाच वागतो. जुनी सेमलची उशी उसवा. तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट, म्हणून पाणी आत शिरत नाही.

10 ग्रॅम कापूस मोकळा पिंजून साधारण 300 मिलिलिटरच्या मलमलीच्या पिशवीत शिवा. हिशेब सरळ आहे: 300 मिलिलिटर पाणी बाजूला सारलं, त्यातून कापसाचे 10 ग्रॅम वजा, म्हणजे जास्तीत जास्त 290 ग्रॅमचा उचल. प्रत्यक्षात पिशवी पाण्यात दबते, उचल कमीच भरतो. खाली लोखंडी नट बांधत जा, सुरुवात 100 ग्रॅमने. लोखंडही पाण्यात हलकं होतं, 100 ग्रॅमचं जेमतेम 87 ग्रॅम भरतं. हे मुलांकडून काढून घ्या, नाहीतर परीक्षक काढतील.

आता फसणं. तोच 10 ग्रॅम कापूस ठासून निम्म्या आकाराच्या पिशवीत भरला की उचल 140 ग्रॅमवर येतो. जाकीट उशाला घेऊन झोपणारा खलाशी नेमकं हेच करायचा. तिसरी पिशवी तेलाचा तवंग असलेल्या पाण्यात सोडा. कापोक पाणी झिडकारतो पण तेल गटागटा पितो. दुसऱ्या महायुद्धात फुटलेल्या जहाजांभोवती तेलच तेल असायचं. म्हणून पुढे कापोक प्लॅस्टिकच्या बंद पिशव्यांत भरू लागले.

तुलनेला साधा कापूस ठेवणार असाल तर मेडिकलमधला शोषक कापूस घ्या. कच्च्या सरकीच्या कापसावरही मेण असतं, तो बराच वेळ तरंगतो आणि प्रयोगाचा विचका होतो.

बुचाचं जाकीट ब्रिटनच्या जीवरक्षक नौका संस्थेचा निरीक्षक कॅप्टन वॉर्ड याचं, 1854 चं. 1861 मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबीला जीवरक्षक नौका उलटली, 13 पैकी 12 जण गेले. नवं जाकीट घातलेला हेन्री फ्रीमन तेवढा वाचला. पण उंचावरून उडी मारली की पाण्याला टेकताच बुचाचे ठोकळे वर उसळतात आणि हनुवटीवर आदळतात. म्हणून उडी मारताना जाकीट दोन्ही हातांनी खाली दाबून धरायचं.

पलासियावाला
हॅल्केटची होडी गाळू नका हो, गर्दी तिथेच जमेल. 1840 च्या दशकातली, ब्रिटिश नौदलातल्या लेफ्टनंटची: रबर लावलेल्या कापडाचा झगा, खिशात भाता, वल्ह्याचा दांडा म्हणजे हातातली काठी आणि शीड म्हणजे छत्री! नौदलाने घेतली नाही, पण स्कॉटिश शोधप्रवासी जॉन रे याने आर्क्टिक प्रवासात वापरली.

तिच्यातली खरी हुशारी छत्रीत नाही, हवेच्या चार वेगवेगळ्या कप्प्यांत आहे. तेवढंच दाखवा. कापडाची लांबोडकी गोल नळी शिवा, आत मधे मधे टाके घालून चार भाग करा, प्रत्येकात एक लांबट फुगा. शेजारी तशीच दुसरी, पण एकाच मोठ्या फुग्याची. दोन्हींत सारखं वजन ठेवा आणि एकेक फुगा फोडा. वजन मात्र मधोमध आणि बेताचं हवं: चारही फुग्यांवर जे कसंबसं तरंगतं ते तिनांवर बुडणारच. छत्रीच्या शिडाबद्दल कोणी विचारलंच तर सांगा, तळाला कणा नाही, त्यामुळे वारा नेईल तिकडेच जायचं.

रसायन_प्रयोगवही
होम्सचा दिवा गाळा, अजिबात करू नका. डब्यात कॅल्शियम कार्बाइड आणि कॅल्शियम फॉस्फाइड असायचं. पाण्यात पडलेल्याची जागा रात्री दिसावी म्हणून डबा भोसकून पाण्यात टाकला की फॉस्फाइडमधून निघणारा वायू हवा लागताच आपोआप पेटायचा आणि कार्बाइडचा ॲसिटिलीन पेटवायचा. लाट आली तरी विझत नसे, कारण पाणीच त्याचं इंधन सुरू ठेवतं. पण तो फॉस्फीन जहाल विषारी. शिवाय पाण्यावर तेल सांडलेलं असलं तर हाच दिवा आग लावणार.

त्याऐवजी हल्लीच्या जाकिटावरच्या, पाणी लागताच पेटणाऱ्या दिव्याचं तत्त्व दाखवा. प्रयोगशाळेतली मॅग्नेशियमची फीत आणि तांब्याची तार, लिटरला 35 ग्रॅम मीठ. अशा एका घटाचा (सेलचा) साधारण दीड व्होल्ट, दिवा जोडला की उतरतो, म्हणून तीन घट ओळीने जोडा आणि लाल एलईडी लावा. एलईडीची लांब तार तांब्याकडे. फीत आधी सँडपेपरने घासा.

मालवी_मास्तरीण
होम्स रद्द! तिन्ही घट एकाच टबात बुडवले तर चालतील का? टबात दिवा पेटलेला छान दिसेल.

रसायन_प्रयोगवही
नाही ताई. एकाच पाण्यात सगळ्या पट्ट्या आतल्या आत जोडल्या जातात आणि व्होल्टेज जवळपास एका घटाएवढंच उरतं. तीन वेगळ्या वाट्या हव्यात. टबात दाखवायचंच असेल तर तीन छोट्या बाटल्या तरंगत्या पाटीवर बसवा आणि मुलांना वरून मिठाचं पाणी ओतू द्या. फितीवर बुडबुडे दिसतील, तो हायड्रोजन आहे. बाटल्यांची झाकणं लावू नका आणि जवळ मेणबत्ती नको.