मदत हवी आहे: आंबेनळीच्या बेसाल्टचा खोगीरासारखा वयोलेख
महाबळेश्वर-पोलादपूर घाटातल्या आंबेनळी फॉर्मेशनच्या (दख्खनच्या लाव्हाथरांचा एक गट) एका लाव्हाप्रवाहाचं आर्गॉन-आर्गॉन वय (पोटॅशियमच्या क्षयातून साठलेल्या आर्गॉनवरून मोजलेलं) काढतोय. प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पार खनिजाचे दाणे 150 ते 250 मायक्रॉनचे. आधी सौम्य नायट्रिक आम्लात, मग 5% हायड्रोफ्लोरिकमध्ये 5 मिनिटं अल्ट्रासॉनिकवर धुतले.

12 टप्प्यांत तापवल्यावर मधले टप्पे 67 दशलक्ष वर्षांच्या आसपास बसतात, पण पहिले दोन आणि शेवटचे तीन 70 च्या वर जातात, म्हणून लेख खोगीरासारखा दिसतो. व्यस्त आयसोक्रॉनवर (सगळ्या टप्प्यांची आर्गॉन गुणोत्तरं मांडून काढलेली रेषा) सुरुवातीचं आर्गॉन-40/आर्गॉन-36 गुणोत्तर 310±6 येतं, म्हणजे हवेच्या 298.56 पेक्षा जास्त. हा जादा आर्गॉनच (खडकातल्या क्षयातून न बनलेला, आधीच अडकलेला आर्गॉन-40) दिसतो. तो कवचातून आला असेल, हे पटत नाही: आंबेनळीत कवचाची भेसळ सगळ्यांत कमी, स्ट्रॉन्शियम-87/86 गुणोत्तर 0.704 च्या जवळ. बुशे फॉर्मेशन (दख्खनचाच, कवचाची भेसळ जास्त असलेला गट) असतं तर गोष्ट वेगळी. संशय स्फटिकांत अडकलेल्या वितळलेल्या द्रव्याच्या थेंबांवर आहे.

खोगीराचा तळ फक्त कमाल वय देतो, म्हणून तो छापायचा नाही. थेंब टाळायला 75 ते 100 मायक्रॉनपर्यंत दळून, पारदर्शक दाणे हातानं निवडणं पुरतं का? पोटॅशियम इतकं कमी, की नमुना घटला तर त्रुटी फुगते. अणुभट्टीत कॅल्शियमपासून बनणाऱ्या आर्गॉन-36 ची दुरुस्तीही त्यात जड जाते. ग्राउंडमास (स्फटिकांभोवतीचं बारीक द्रव्य) वापरला तर आर्गॉन-39 चा रिकॉइल (किरणनात त्याचे अणू उडून जागा बदलणं) आणि बदललेली काच आडवी येते. हे कुणी प्रत्यक्ष सोडवलं असेल, तर दाण्यांचा आकार आणि आम्लाची वेळ नक्की सांगा.