‘शिक्षक दीन’ लिहिणाऱ्या तिसरीला काय शिकवू?

तिसरीच्या बाई:
आमची जिल्हा परिषदेची शाळा, तिसरी-चौथी एकाच खोलीत. 5 सप्टेंबरला एका पोराने फळ्यावर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, ‘शिक्षक दीन’. मुख्याध्यापक म्हणाले, ‘पुसू नका, खरंच आहे ते!’ हसून झालं. पण मी दिन-दीन, शिर-शीर, सुत-सूत, पाणि-पाणी अशी यादीच पाठ करून घेतली होती हो. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. ऐकायला सारखंच, मग ओळखायचं कशावरून?

पाटीपेन्सिल:
मी ‘दीऽऽन’ असं ताणून दाखवते. श्रुतलेखनात मात्र माझ्याच तोंडून दोन्ही एकसारखे येतात.

माळावरचे मास्तर:
बाई, यादी गुंडाळून ठेवा. ‘माझा सुत’ असं कुणाच्या घरी म्हणतात? शिवाय ‘सुताचा’ लिहिलं की मुलगा आणि धागा एकच, कारण ‘सूत’चा दीर्घ ऊ तिथे ऱ्हस्व होतो. पाणि-पाणी तर काढूनच टाका. 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी शब्दाचा शेवटचा इकार दीर्घ झाला, हाताचा ‘पाणि’ आता पाणिग्रहणासारख्या समासात उरलाय.

मी पोरांच्या तोंडातले शब्द घ्यायचो. फळ्यावर नुसतं ‘माळ’ लिहिलं आणि विचारलं, तो की ती? मागच्या रांगेतली एक पोर म्हणाली, ‘ती आजीची, तो शेळ्यांचा.’ आजी वारकरी, गळ्यात तुळशीची माळ. मग ‘माळेत मणी, माळावर शेळ्या’ हेही तिनंच लिहिलं. हार, मान, वात असेच सुटतात. माझं नाव, माझी नाव. तो-ती-ते पोरं घरूनच शिकून येतात, आपण फक्त विचारायचं. त्याच वाटेने पुढे ते शिर, ती शीर.

दिन-दीनला ही युक्ती लागू नाही, ‘दीन’ विशेषण पडलं. तिथे बालदिन, शिक्षक दिन, मराठी भाषा गौरव दिन असे शाळेतले सगळे दिन भिंतीवर लावा. डोळ्यांना सवय होते. ‘दीन’ पाचवी-सहावीत भेटेल तेव्हा भेटेल.

तिसरीच्या बाई:
मास्तर, आज ‘वेळ’ घेतला. की घेतली? वर्गातही तेच, ‘तो वेळ’वाले आणि ‘ती वेळ’वाले मधल्या सुट्टीपर्यंत भांडत होते. शेवटी खिचडीच्या रांगेत ‘शिक्षक दीन’वाला म्हणाला, ‘बाई, जेवायची असते ती, आणि खेळायला मिळत नाही तो.’