मदत हवी आहे : दोन विद्यार्थिनींसाठी आय-ट्रॅकर (नजरेचा माग काढणारं यंत्र) असलेली लॅब

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. तिसऱ्या वर्षाच्या दोन मुली नजरेच्या हालचालींवर प्रोजेक्ट करताहेत: सरकत्या ठिपक्यामागे डोळा सलग जातो की मध्येच उडी मारतो? दोघींच्याही घरात इंजिनिअरिंगला आलेलं हे पहिलंच माणूस, त्यामुळे ओळखीपाळखीचा प्रश्नच नाही.

ठिपका सायकोपाय या सॉफ्टवेअरवर केलाय, ते फुकट आहे. हनुवटी टेकवायला सुताराकडून चौकट करून घेतली. अडलंय ते कॅमेऱ्यापाशी. वेबकॅम सेकंदाला ३० फ्रेम घेतो, म्हणजे एका फ्रेमला ३३ मिलिसेकंद. डोळ्याची छोटी उडी ३०-४० मिलिसेकंदांत आटोपते. ती कधी एका फ्रेममध्ये दिसते, कधी दिसतच नाही. मोबाइलचा स्लो-मोशनही वापरून पाहिला, पण खोलीतल्या उजेडात बुबुळ आणि बाहुली वेगळी काढता येत नाही. (दोघींचेही डोळे काळेभोर!)

तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपचे अर्ज भरलेत, निकाल यायचाय. चार लॅबना मेल केले, उत्तर नाही.

अडचणी आधीच सांगतो. खर्चाला दोघींत मिळून २५ हजार, वेळ मे-जूनमधले सहा आठवडे, आणि मुलींच्या हॉस्टेलची सोय असल्याशिवाय घरचे पाठवणार नाहीत. परदेशी कॉन्फरन्सचे प्रवास-अनुदान सध्या नको, आधी धड डेटा तरी हवा.

तर पुणे, मुंबई, हैदराबाद किंवा बेंगळुरूत ५०० हर्ट्झ (सेकंदाला ५०० नोंदी) किंवा त्याहून वेगवान आय-ट्रॅकरवर बाहेरच्या बीईच्या मुलींना बसू देणारी लॅब कुणाला माहीत आहे का? आणि तिथे पहिला मेल प्राध्यापकांना करावा की पीएचडीच्या विद्यार्थ्यांना?