हेही खरं आणि तेही खरं: तुमचे अनुभव सांगा

वेण्णाकाठची
काल संगम माहुलीला जाणं झालं. चुलत सासऱ्यांचा दहावा होता. पिंड मांडलेले, कावळा काही शिवेना, सगळे ताटकळून उभे. एकजण म्हणतोय धाकटीचं लग्न बघायचं राहिलं म्हणून जीव अडकलाय, दुसरा हळूच म्हणतोय रस्त्याकडंच्या गुंठ्यांचं बघा आधी. आणि तिकडं वरच्या पायऱ्यांवर प्री-वेडिंग शूट! नवरी मोतिया कलरच्या घागऱ्यात, नवरदेव गॉगल लावून. त्यांचा फोटोग्राफर खाली आला आणि एकदम अदबीनं विचारतो, काका तुमचं किती वेळ चालेल, आम्हाला मागं देऊळ पाहिजे होतं. मला वाटलं आता भांडणं लागतात. तर आमचे गुरुजी शांतपणे म्हणाले, अर्धा तास थांब, ऊन देवळावर येऊ दे, फोटो पण बरे येतील. मी आणि जाऊबाई तोंडाला पदर लावून हसलो, बाकीच्यांना वाटलं रडतोय. तसं रडत पण होतोच.

त्यावरनं आजी आठवली, वाईची. तिचा सख्खा भाऊ कृष्णेत बुडून गेला होता, लहान असताना. तरी कृष्णाबाईच्या उत्सवात नदीची ओटी भरायला ही सगळ्यात पुढं. खण, नारळ, हिरव्या बांगड्या, सगळं स्वतः जाऊन आणायची, कुणी आणलेलं चालायचं नाही. मी कॉलेजात असताना लय शहाणी होते, म्हटलं आजी जिनं भाऊ नेला तिलाच ओटी? ती तांदूळ निवडत होती, वर पण बघितलं नाही. म्हणाली, "तिनं नेला हे खरंच की. ती आई हेही खरंच. तुला त्यातलं एकच पाहिजे का? मग बघ बाई तुझं तू."

तेव्हा मला ते अडाणीपणाचं वाटलं होतं. आता नाही वाटत, पण पटलंय असंही म्हणवत नाही. तर तुम्हाला असं कधी झालंय का, दोन एकदम उलट गोष्टी एकाच वेळी खऱ्या? सांगा. व्हॉट्सअपवरचे सुविचार नकोत, ते सकाळी सहापासून येतच असतात.

मिशीवाला_सातारा
पहिला! चहा घेऊन येतो मग लिहितो.

हरिपूर_रोड
भारी विषय. आमच्याकडची पेवं माहितीयेत का कुणाला? हरिपूरला जमिनीत खणलेली असायची, हळद ठेवायला. वर तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं आणि आत ऐसपैस. हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून बंद, वर्षं वर्षं राहायची आत, कीड नाही काही नाही. कारण आत हवाच नाही. आता गंमत बघा, ज्या कारणानं हळद टिकते त्याच कारणानं माणूस मरतो. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, काही तास उघडं ठेवायचं, मग कंदील दोरीला बांधून खाली सोडायचा. विझला तर थांबायचं. आमचे तात्या हमाली करायचे हळदीची, मला लहानपणी एकदा काठावर उभं करून दाखवलेलं. कंदील खाली खाली गेला आणि अर्ध्यात फुस्स. तात्या म्हणले चल, भेळ खाऊन येऊ.
2005 च्या पुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं आणि ते सगळं जवळजवळ संपलं. आता गोडाऊन, कोल्ड स्टोरेज. असो, दूध उतू जातंय पळते

मिशीवाला_सातारा
@हरिपूर_रोड भेळ कुठली ते सांगायचं राहिलं 😀

हरिपूर_रोड
@मिशीवाला भडंगाची भेळच ती हो. दूध गेलंच शेवटी, ओटा पुसतेय.

जतकर
पाण्याचा विषय निघालाय तर आमचं पण ऐका. 2019 चा ऑगस्ट. टीव्हीवर सांगली बुडालेली, आयर्विन पुलापाशी 57 फुटाच्या वर पाणी, धोक्याची पातळी तिथं 45. आणि आमच्या गावात त्याच दिवशी टँकर आला न्हाई म्हणून बायका घागरी घेऊन ग्रामपंचायतीत. जिल्हा एकच बरं का. माझा आतेभाऊ सांगलीत, त्याला फोन लावला, तर तो म्हणतोय पाणी पाणी झालंय रे, मी म्हणलं आमचं पण पाणी पाणीच चाललंय. दोघं बी गप्प झालो. मग त्यानं शिवी हासडली आणि हसायला लागला.

गावभाग_सांगली
@जतकर त्या आतेभावाच्या शेजारीच असेन मी बहुतेक. आम्ही वरच्या मजल्यावर अडकलेलो, जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत पाणी, खिडकीतनं खाली बघितलं की फ्रीज तरंगतोय, आणि प्यायला थेंब नाही. टाकी संपली, लाईट नाही त्यामुळे मोटर नाही. सासूबाईंनी पावसाचं पाणी धरायला पातेली लावली पत्र्याखाली, तर तेवढ्यात पाऊस उघडला. इतके दिवस थांब थांब म्हणून हात जोडत होतो त्याच पावसाला आता ये बाबा थोडा म्हणायची पाळी. होडीतनं बाटल्या आल्या तेव्हा पहिली बाटली सासूबाईंनी देवाच्या तांब्यात ओतली! मी मनात काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. आणि पूर ओसरल्यावर गाळ काढून झाल्या झाल्या त्याच बाईंनी नदीला नारळ वाहिला, म्हणजे धागाकर्तीच्या आजीची बहीणच.

जतकर
आता म्हैसाळ योजनेचं पाणी आलंय आमच्याकडं थोडं थोडं, कृष्णा पंपानं चढ चढून येती. नदी खालनं वर व्हाती म्हणायचं. आणि 2016 ला मिरजेतनं लातूरला रेल्वेनं पाणी गेलं तवा आमचे लोक म्हणायचे, रेल्वेच पाठवायची तर जत रोडला पण थांबवा की लगा!

कराडचा_पंत
नदीवरनं आठवलं. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचं पाणी एकाच गोमुखातनं पडतं असं आपण मानतो, कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. त्यातली सावित्री पश्चिमेला उतरते, पोलादपूर महाडकडनं अरबी समुद्रात. कृष्णा पार आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागरात. डोंगर एक, समुद्र दोन. वेण्णा माहुलीला परत भेटते, कोयना आमच्या कराडला, तीपण समोरासमोर येऊन. इथपर्यंत ठीक. पण कोयना धरणाचं बरंचसं पाणी बोगद्यातनं पोफळीला खाली सोडतात वीज करायला आणि मग ते वाशिष्ठीतनं चिपळूणवरनं अरबी समुद्रात जातं. मग कोयनेचा समुद्र कुठला? मी हे इंजिनिअरिंगला असताना प्रीतिसंगमावर मित्रांना विचारलेलं, तेव्हा एकजण म्हणाला ज्या थेंबाला विचारशील तो त्याचा सांगेल. बाकीच्यांनी त्याला पाण्यात ढकललं.

शंकेखोर
रसभंग करतो, माफ करा. यात विरोधाभास कुठाय? हळद वेगळी माणूस वेगळा, जत वेगळं सांगली वेगळी, पाऊस कुठं पडतो त्याला कारणं आहेत. दोन उलट गोष्टी *एकाच* बाबतीत, *एकाच* अर्थानं खऱ्या असतील तरच त्याला विरोध म्हणता येईल. बाकी सगळी नुसती गंमत.

मिशीवाला_सातारा
@शंकेखोर आमच्या सज्जनगडावरच्या समर्थांनी मूर्खांची लक्षणं सांगून झाल्यावर पढतमूर्खांसाठी वेगळा समास लिहिला, उगाच नाही 😜 ह.घ्या.

शंकेखोर
हलकेच घेतलं. पण मुद्दा कायम. आजींचं उदाहरण मात्र बसतं त्यात, तीच नदी आणि तीच बाई.

मार्केटयार्ड
मी इथं फक्त वाचतो, लिहीत नाही कधी. पण शंकेखोरांचं वाचून लिहावंसं वाटलं, हे त्यांच्या नियमात बसतं का बघा.

माझे वडील सांगलीत हळदीच्या दुकानात दिवाणजी होते. आयुष्य सगळं सौद्यात आणि खतावण्यात गेलं. आता त्यांना विसरण्याचा आजार आहे, बरीच वर्षं झाली. मला ओळखत नाहीत. म्हणजे रोज भेटणारा कोणीतरी बरा माणूस आहे एवढं कळतं. मला "साहेब" म्हणतात. सकाळी दाढी मीच करतो त्यांची, साबण लावताना गाल फुगवून धरतात बरोबर, ते शिकवावं लागत नाही. परवा दाढी करताना सहज म्हटलं, अण्णा, औटकी येते का? (औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा.) आणि त्यांनी सुरू केलं. बे औटं सात, तीन औटं साडेदहा, चार औटं चौदा, पाच औटं साडेसतरा... न थांबता, त्याच हेलात, ज्या हेलात मला मारून मुटकून शिकवलेली. मला येत नाही आता. त्यांनी मध्येच थांबून बघितलं माझ्याकडं, मी पुढं म्हणत नाही म्हटल्यावर रागावले, म्हणाले, "साहेब, तुमच्या वडलांनी काही शिकवलं नाही का तुम्हाला?"

मी म्हटलं शिकवलं होतं हो, मीच लक्ष दिलं नाही.

"वडलांना दोष देऊ नये," म्हणाले.

आता ते इथं आहेत का नाहीत? डॉक्टर म्हणतात जुनं पाठांतर वेगळ्या ठिकाणी असतं, ते शेवटपर्यंत टिकतं बऱ्याचदा. असेल. पण मला रागावणारा माणूस तोच होता, आणि ज्याला मी माहीतच नाही तोपण तोच.

गावभाग_सांगली
🙏 काय लिहावं कळेना. तुम्ही रोज दाढी करता हे वाचूनच भरून आलं.

शंकेखोर
बसतं. पूर्ण बसतं. अण्णांना नमस्कार सांगा.

वेण्णाकाठची
@मार्केटयार्ड लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या मामेसासूबाईंचं असंच होतं, त्यांना शिरा करायला सांगितला की रवा बरोबर भाजायच्या, खमंग वास येईपर्यंत, पण गॅस बंद करायचं विसरायच्या, म्हणून कुणीतरी शेजारी उभं राहायचं. तुम्ही स्वतःचं पण बघा हो, मदतीला कुणी आहे का?

मार्केटयार्ड
आहे, बहीण येऊन राहते अधूनमधून. तिला ते "ताई" म्हणतात आणि ती त्यांच्या बहिणीचं सगळं बोलणं ऐकून घेते, माझ्यापेक्षा तिला जास्त जमतं. मी दुरुस्त करायला जायचो सुरुवातीला, ती नाही जात.

तारेवरची
मिरजेहून. माहेर सतारमेकर गल्लीच्या जवळ, त्यामुळे कानावर लहानपणापासून कानस. जवारी करणं म्हणजे काय ते बघा कधीतरी बसून. घोडीवर तार टेकते ती जागा घासत घासत असा हलका उतार आणायचा की तार अगदी किंचित घासली पाहिजे. घासलीच नाही तर आवाज कोरडा, जास्त घासली तर दबतो. म्हणजे जरासा अडथळा हवाच. एक चाचा कारागीर होते, ते घासायचे, वाजवायचे, डोळे मिटून ऐकायचे, परत घासायचे, अर्धा दिवस. मी विचारलं कसं कळतं झालं ते? तर म्हणाले, "बेटा, झालं असं वाटलं की एकदा अजून घासायचं नाही, एवढंच शिकायला केस पिकले."
तानपुऱ्याला तर वर दोरा सारतात तारेखाली, केसभर इकडंतिकडं झाला तरी सूर बदलतो. दर्ग्याच्या उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं गाणं असतं तेव्हा झाडाखाली बसून ऐका, मी काय म्हणते ते कळेल. आता पोळ्या टाकायच्यात.

पाटणचा_दगड
आमच्या घरातली गोष्ट. 11 डिसेंबर 1967, कोयनेचा भूकंप, पहाटेची वेळ. थोरला भाऊ तेव्हा तान्हा, रात्रभर रडून रडून आईला सळो का पळो केलेलं. शेवटी आजोबा वैतागून ओरडले की बाहेर घेऊन जा त्याला, झोपू दे आम्हाला. आई त्याला घेऊन थंडीत गोठ्याकडं गेली आणि भिंत पडली. आजोबा वाचले पण पाय गेला. पुढं जन्मभर म्हणायचे मी हाकललं म्हणून वाचली की वाचावी म्हणून मी हाकललं, देव जाणे. आई म्हणायची काही नाही, तुम्ही रागीट होता एवढंच 😂

डोंगरपल्याड
आम्ही कोयनेचे धरणग्रस्त. गाव शिवसागर जलाशयाखाली, आम्हाला ठाणे जिल्ह्यात जमीन दिली. आजोबांनी देवाचा तांदळा (म्हणजे बिनमूर्तीचा दगड) डोक्यावर घेतला, ग्रामदैवताजवळची माती फडक्यात बांधली आणि निघाले. नवीन ठिकाणी गावाला नाव तेच, देव तोच, आडनावं तीच, कोणाच्या शेजारी कोण तेपण बरचसं तसंच ठेवलं. मग गाव ते का हे? वडील अजून अंगणात बसून म्हणतात, एकदा गावाला जाऊन येऊ. मी म्हणतो बाबा, गावातच बसलाय तुम्ही. तर म्हणतात हो की. आणि परत संध्याकाळी तेच.
उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की लाँचवाले दाखवतात, इथं होतं. मी गेलो होतो. काही दिसलं नाही, चिखल आणि दोन घडीव दगड. वडलांना फोटो दाखवला तर म्हणाले, हे आपलं नाही. मग चष्मा लावून परत बघितला.

कासवाली
सगळं वाचतेय, काम सोडून 😊 माझं छोटंसं. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते आणि बी धरली की झाड वाळून जातं. आमच्या गावातल्या मावशी म्हणतात फुलली म्हणजे मेली आणि मेली म्हणजे पुढची आली. त्या मावशींना यात फार काही वाटत नाही, त्यांना वाळलेल्या काठ्या कुडाला लागतात एवढं महत्त्वाचं. तत्त्वज्ञान सगळं पुण्याहून गाडी करून आलेल्यांना सुचतं.

मिशीवाला_सातारा
@कासवाली अवांतर: यंदा कास पठाराचं बुकिंग शनिवारचं मिळतं का? पाहुणे येणारेत.

कासवाली
शनिवार-रविवार सोडून या हो. पाहुण्यांना सुट्टी टाकायला सांगा. पहाटे लवकर निघा, धुकं असतं आणि ट्रॅफिक नसतं. आणि आत शिरून फुलांवर बसून फोटो काढू नका म्हणावं!!

मिशीवाला_सातारा
पाहुणे कांदी पेढ्यांसाठीच येतात, फुलं म्हणजे निमित्त.

जतकर
@मार्केटयार्ड सहा औटं एकवीस, सात औटं साडेचोवीस, आठ औटं अठ्ठावीस. आमच्या म्हाताऱ्याला आत्ता विचारून घेतलं. त्यो म्हणतोय पुढचं अण्णांकडनं म्हणवून घ्या, आणि पावकी दिडकी पण विचारा, दिडकीत बरेच जण अडकतात.