सरस्वतीबाई फाळक्यांच्या फोटोखाली काय लिहायचं?

दांडियाबाजारकर
३ मेला आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’वर छोटंसं प्रदर्शन आहे. १९१३ साली याच तारखेला तो गिरगावात कॉरोनेशनला लागला. बडोद्याचा त्यात वाटा आहे, कारण दादासाहेब फाळके तरुणपणी इथे येऊन आपल्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले. त्या फाटकासमोरून मी रोज भाजी घेऊन येते.

फलकांचा मजकूर काल हाती आला. दाबके : राजा हरिश्चंद्र. साळुंके : तारामती. त्र्यंबक तेलंग : छायाचित्रण. आणि सरस्वतीबाई? ‘दादासाहेबांना मोलाची साथ देणाऱ्या पत्नी’. ही ओळ बदलावी असं मला मनापासून वाटतं.

दादरच्या घरात साठ-सत्तर माणसांची पंगत रोज त्यांनी उठवली. नटांचे कपडे धुतले. दिवे नव्हते, सगळं चित्रीकरण उन्हात, तेव्हा चेहऱ्यावर उजेड फेकायला पांढरी चादर ताणून त्या उन्हात उभ्या राहिल्या. कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडली. स्वतःचे दागिने दिले. तेलंगांनी कॅमेऱ्याचं हँडल फिरवलं, त्या कॅमेऱ्यात जाणारी फिल्म या बाईंनी तयार केली. त्यांना काम लावलंत आणि हिला फक्त नातं. माझं म्हणणं, ‘फिल्म-तयारी, प्रकाशयोजना, वेशभूषा, भोजनव्यवस्था’ असं स्पष्ट लिहा.

सयाजीगंजचे आप्पा
ताई, तो मजकूर मीच लिहिलाय, म्हणून उत्तर देणं माझं काम. बाईंच्या कष्टांबद्दल दुमत नाही. पण ‘प्रकाशयोजना’ लिहिलंत की बघणाऱ्या पोरांच्या डोळ्यांसमोर आजचा सेट येणार. जनरेटर, व्हॅन, वॉकीटॉकी. तिथे यातलं काहीच नव्हतं. एकच घर होतं, तेच कारखाना, तेच बिऱ्हाड. रोहिदास झालेला भालचंद्र फाळक्यांचा मुलगा. नट मंडळी त्याच पंगतीला. अशा घरात बाईने चादर धरली ती घर म्हणून धरली, खात्याची प्रमुख म्हणून नव्हे. आपण तिला आज पदं वाटायला लागलो तर तो इतिहास राहत नाही, आपल्या मनाचं समाधान होतं.

आणि ‘मोलाची साथ’ हा शब्द तुम्हाला हलका का वाटावा? माझ्या आईच्या पिढीला विचारा. त्यापेक्षा मोठा शब्द त्यांच्याकडे नव्हता.

रावपुऱ्याचा स्टुडिओवाला
आप्पा, चादरीचं राहू द्या बाजूला. भोकांबद्दल मी बोलतो, कारण आमच्या घरी तीस वर्षं डार्करूम होती.

तेव्हा कोरी फिल्म बिनभोकांची मिळायची. कॅमेऱ्यातले दात त्या भोकांत अडकून फिल्म पुढे सरकते. भोक केसभर इकडेतिकडे झालं तर पडद्यावर चित्र नाचतं, किंवा फिल्म फाटते. हिशेब बघा. एका फुटात सोळा चौकटी, प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार भोकं, म्हणजे फुटाला १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ ३,७०० फुटांचा. गुणाकार ४,७३,६००. हा फक्त एका प्रतीच्या लांबीचा आकडा. फुकट गेलेली फिल्म वेगळीच.

यंत्र होतं, मान्य. फाळक्यांनी १९१२ साली विलायतेहून कॅमेऱ्याबरोबर ते आणलं. पण यंत्रात फिल्म सरळ बसवायला हातच लागतो, तोही अंधारात. त्या काळची फिल्म लाल रंगाला आंधळी, त्यामुळे फार तर लाल दिवा. माझे बाबा अंधारात फिल्मचं टोक खालच्या ओठाला लावायचे. जी बाजू किंचित चिकटेल ती लेपाची. मी दहा वर्षांचा असताना त्यांनी मला ते शिकवलं आणि पहिल्याच दिवशी मी अख्खा रोल उलटा भरला. हे काम घरातल्या कोणालाही सांगून होत नाही. शिकावं लागतं, चुकावं लागतं. ज्या बाईने ते शिकून घेतलं तिला तंत्रज्ञ म्हणण्यात कसली अतिशयोक्ती?

वाडीची सून
मला तुम्हा तिघांशीही भांडायचंय.

दादा, तुमचा हिशेब वाचून अंगावर काटा आला. पण भोकं पाडली म्हणून ती मोठी, असं झालं तर मग साठ-सत्तर माणसांच्या भाकऱ्यांचं काय? तोही हिशेब कोणीतरी मांडा. साळुंके तारामती व्हायच्या आधी हॉटेलात स्वयंपाकाला होते. तिथे त्यांना महिना १० रुपये, फाळक्यांनी १५ दिले. म्हणजे त्याच मुंबईत चुलीपुढे उभं राहण्याला पगार होता. हॉटेलातली चूल ही नोकरी आणि दादरच्या घरातली चूल ही साथ, हा फरक आप्पांनी मला समजावून सांगावा.

मी हे चिडून लिहितेय त्याला कारण आहे. माझ्या सासूबाईंनी इथल्या एका हौशी नाट्यसंस्थेचे कपडे अठरा वर्षं शिवले. नऊवारीला आतून हुक लावून दीड मिनिटात बदलता येईल अशी युक्ती त्यांची. पत्रिकेत ‘वेशभूषा’पुढे नाव दिग्दर्शकाच्या पुतण्याचं. सासूबाईंचं नाव शेवटी, ‘विशेष आभार’मध्ये, हॉलच्या रखवालदाराच्या खाली. त्या कधी काही बोलल्या नाहीत. पण त्या सगळ्या पत्रिका त्यांच्या ट्रंकेत निघाल्या, आणि प्रत्येकीवर ‘वेशभूषा’ या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक रेघ होती.

सयाजीगंजचे आप्पा
सूनबाई, रेघेचं वाचलं आणि थोडा वेळ फोन खाली ठेवला.

चुलीचा मुद्दा मी मान्य करतो. ‘साथ’ हा शब्द काम झाकतो, हे माझ्या आधी लक्षात आलं नाही. पण ‘पत्नी’ काढू नका. एवढ्यासाठी मी शेवटपर्यंत अडून राहणार. तेलंग पगारी होते, साळुंके पगारी होते. सिनेमा पडला असता तर ते दुसरं काम शोधू शकत होते. या बाईचे दागिने गेले होते, पोरं पदरात होती. तंत्रज्ञाला एवढं पणाला लावावं लागत नाही. नुसतं ‘फिल्म-तयारी’ लिहिलं तर तिने काय धोका पत्करला तेच पुसलं जाईल.

दांडियाबाजारकर
आप्पा, पटलं. पण उलटंही बघा. त्याच १९१३ साली ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई पडद्यावर आल्या. त्या दोघी आपल्याला पाठ आहेत, कारण त्या दिसल्या. पडद्यामागची बाई दिसत नाही, तिला फलकच दाखवणार. म्हणून कामं आधी आणि नातं नंतर. हा क्रम मी सोडणार नाही.

मजकूर असा : ‘सरस्वतीबाई फाळके. फिल्मला भोकं पाडणं, उजेडासाठी चादर धरणं, कपडे, साठ-सत्तर जणांचा स्वयंपाक. भांडवलासाठी दागिने दिले. दादासाहेबांच्या पत्नी.’ मोठी पदवी एकही नाही, नुसती कामं.

सयाजीगंजचे आप्पा
‘पत्नी’ दागिन्यांच्या आधी हवं. दोन्ही एकाच वाक्यात.

वाडीची सून
स्वयंपाक सगळ्यात शेवटी का? रोज दोन्ही वेळ तोच चालायचा. पहिला घ्या.

रावपुऱ्याचा स्टुडिओवाला
रंगारी गुरुवारी येतोय, तोवर ठरवा. माझ्याकडे ३५ एमएमची जुनी तुटकी पट्टी आहे, बरोबर एक फूट. फलकाखाली काचेत लावतो. लोकांना भोकं मोजू द्या.