नवा अल्टरनेटर बसवल्यापासून बोटीचा आरपीएम मीटर शून्यावरच आहे

वैनगंगाकाठ (पवनी तालुका)

नमस्कार. गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रात आमच्या मच्छीमार संस्थेची एक डिझेल बोट चालते. तिच्यावरचा जुना ३५ अँपिअरचा डायनामो रात्रीचे दिवे, पाणी उपसण्याचा पंप आणि मासळीच्या टाकीतील हवेचा पंप एवढा भार पेलेनासा झाल्यामुळे गेल्या महिन्यात आम्ही चारचाकीला येतो तसा ९० अँपिअरचा अल्टरनेटर बसवला. बॅटरी आता उत्तम चार्ज होते. परंतु त्या दिवसापासून आरपीएम मीटरचा काटा हललेला नाही. जुन्या डायनामोवर मीटरच्या वायरसाठी वेगळे टर्मिनल होते. नव्यावर बॅटरीचा जाड बोल्ट आणि दोन पिनांचे सॉकेट एवढेच आहे, म्हणून मिस्त्रींनी ती वायर चार्जिंगच्या दिव्याच्या पिनेला जोडली आहे.

मीटरवाचून चालवता येईल, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. आमच्याकडे इकॉर्निया (जलपर्णी) इतका माजला आहे, की तो पंख्यात कधी गुंतला हे पाण्याकडे पाहून कळत नाही. आधी फेरे उतरतात, मग काळा धूर येतो. फेरे उतरल्याचे मीटरवर दिसले, तर इंजिनावर ताण येण्यापूर्वी थांबता येते. कृपया मार्गदर्शन करावे.

तारजोडणी (भंडारा)

भाऊ, मीटर बिघडलेला नाही, त्याला मोजायला काही मिळत नाही एवढेच. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतात, त्यामुळे असा मीटर अल्टरनेटरच्या आतील एका फेजवरचे (तीनपैकी एका वेटोळ्यावरचे) विजेचे स्पंद मोजतो. जुन्या डायनामोवरचे ते टर्मिनल म्हणजे ‘डब्ल्यू’. तेथे डायोडमधून (एसीची डीसी करणाऱ्या भागांतून) जाण्यापूर्वीची, सतत वरखाली होणारी वीज मिळते. दिव्याच्या पिनेवर किंवा जाड बोल्टवर डायोडमधून गेलेला सरळ डीसी प्रवाह असतो आणि त्यात मोजण्याजोगे स्पंद नसतात. ती वायर तेथून आजच काढावी.

चारचाकीच्या पुष्कळ अल्टरनेटरवर ‘डब्ल्यू’ बाहेर काढलेला नसतो, पण फेज आत असतोच. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून मागचे झाकण उघडून, स्टेटरच्या (न फिरणाऱ्या वेटोळ्यांच्या) तीनपैकी कोणत्याही एका फेजची तार जेथे डायोड प्लेटला जोडलेली असते, तेथे एक वायर डाखून घ्यावी आणि रबरी बूच लावून ती बाहेर आणावी. त्या वायरवर अल्टरनेटरजवळच एक अँपिअरचा फ्यूज असू द्यावा, कारण बोटीच्या हादऱ्यांनी ती कोठेतरी घासून बॉडीला टेकली तर डायोड जातील. नंतर इंजिन सुरू करून मल्टिमीटर एसीवर ठेवावा. १२ व्होल्टच्या यंत्रणेत वायर आणि बॉडी यांच्यामध्ये साधारण सात-आठ व्होल्ट दिसले, की जोडणी बरोबर आहे असे समजावे. इंजिन चालू असताना बॅटरीची तार मात्र कधीही सोडू नये.

लेथवाला (तुमसर)

वरील उत्तर योग्य आहे, पण काटा हलला म्हणजे काम संपले असे समजू नये. तो बहुधा चुकीचा आकडा दाखवील. झाकण उघडलेच आहे, तर रोटरचे (आत फिरणाऱ्या चुंबकाचे) पंजे मोजून घ्यावेत. दोन्ही बाजूंचे मिळून १२ पंजे असतील, तर अल्टरनेटरच्या एका फेऱ्यात ६ स्पंद होतात. आता इंजिनाच्या पुलीचा व्यास अल्टरनेटरच्या पुलीच्या व्यासाने भागावा आणि येणाऱ्या गुणोत्तराला ६ ने गुणावे. इंजिनाच्या एका फेऱ्यात मीटरला किती स्पंद मिळतात, तो हा आकडा. चारचाकीच्या अल्टरनेटरची पुली बहुधा लहान असते, म्हणून तो जास्त फिरतो आणि जुन्या स्पंदांच्या हिशेबावर लावलेला मीटर खरे फेरे वाढवून सांगतो.

वैनगंगाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. झाकण उघडून फेजची वायर बाहेर काढून मीटरला जोडली, काटा हलला. पंजे १२ निघाले. इंजिनाची पुली १५० मिलिमीटर, जुन्या डायनामोची ७५ आणि नव्याची ६० आहे. म्हणजे पूर्वी एका फेऱ्याला १२ स्पंद मिळत होते, आता १५ मिळतात. तालुक्याच्या आयटीआयमधील एका सरांनी पुलीवर चमकती पट्टी लावून प्रकाशावर चालणाऱ्या यंत्राने मोजले, तेव्हा खरे फेरे ८०० होते आणि आमचा मीटर १,००० दाखवत होता. हिशेब तंतोतंत जुळला. मीटरमागचा स्क्रू फिरवून आकडा बरोबर केला आहे.

एक शंका उरते. पहाटे जाळी काढायला निघताना, इंजिनाचा आवाज स्थिर असतानाही काटा मध्येच दोन-तीनशेने खाली येतो. तासाभराने हे आपोआप थांबते.

लेथवाला (तुमसर)

तो पट्टा घसरतो आहे. रात्रभर दिवे जळून बॅटरी उतरलेली असते, त्यामुळे पहाटे अल्टरनेटर पूर्ण जोर लावतो. १४ व्होल्टला ९० अँपिअर म्हणजे १,२६० वॅट. अल्टरनेटरमध्ये वाया जाणारी शक्ती धरली, तर एकट्या पट्ट्यावर जवळजवळ तीन अश्वशक्तीचा भार येतो. पुलीभोवती काळी भुकटी दिसते का पाहावे. पट्टा नवा घेऊन नीट ताणावा आणि दहा-बारा तास बोट चालल्यावर पुन्हा ताणावा. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची केबल जुनीच असेल, तर तीही जाड करून घ्यावी. माझ्या मते ही गोष्ट मीटरपेक्षाही अधिक तातडीची आहे.

वैनगंगाकाठ

भुकटी होती. पट्टा आणि केबल दोन्ही बदलली. आज पहाटे काटा स्थिर होता. पूर्ण रेसला नेहमी २,२०० फेरे मिळतात, ते १,८०० वर अडकताच इंजिन बंद करून पाहिले, तर पंख्याला इकॉर्नियाची मुळे गुंडाळलेली होती. पुढे कोणी डायनामो बदललाच, तर त्याला हिशेब कळावा म्हणून मीटरच्या मागे पुल्यांचे व्यास आणि १५ हा आकडा रंगाने लिहून ठेवला आहे.