१९३० च्या फोर्डला कोणत्या नक्षीचे टायर शोभतील?

प्रश्न (परभणी): आजोबांच्या १९३० सालच्या मॉडेल ए गाडीला सध्या बैलगाडीचे टायर चढवलेले आहेत. ‘नॉन स्किड’ अशी अक्षरे उठवलेली नक्षी मला फार आवडते. ती चालेल का?

उत्तर (जालना): ती नक्षी फायरस्टोन या अमेरिकी टायर कंपनीने १९०८ मध्ये आणली, म्हणून ती आधीच्या पिढीच्या गाड्यांवरच शोभते. आपल्या गाडीचे मूळ माप ४.७५-१९ (रुंदी ४.७५ इंच, रिम १९ इंच) असून, त्या मापाचे बायस प्लाय, म्हणजे आतले धागे तिरके असलेले, टायर घ्यावेत. रेडियल, म्हणजे आतले धागे आडवे सरळ असलेले टायर, मात्र टाळावेत, कारण मिशेलिन या फ्रेंच कंपनीचे रेडियल १९४९ मध्ये बाजारात आले, म्हणजे आपल्या गाडीच्या बऱ्याच नंतर.

उत्तर (लातूर): सहमत आहे. परंतु नक्षीआधी रबराचे वय पाहा. मराठवाड्याच्या उन्हात उभ्या गाडीच्या टायरची कड तडकते, माझ्या टायरच्या भेगेत तर नख रुतत होते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आजच कडा तपासतो.